तिसरी हाक

आमच्या वाडीतली पहिली पदवीधर मी. आधी बी.ए. झाले, मग एलएल.बी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल, वाडीवरची बाई, हिच्या डोक्यात असलंच भरलेलं असणार. तसं नाही. भूतबाधेच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जाते. इथे जे पाहिलं, ऐकलं आणि कोर्टाच्या कागदावर स्वतः वाचलं तेवढंच लिहिते आहे.

वाडी म्हणजे मुरबाड तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला, टेपाडावर वसलेली आमची पंचवीस-तीस घरं. खाली गाव, पिढ्यान्‌पिढ्या भात लावणाऱ्यांचं. आमच्याकडे जमीन नाही. घरं ज्या टेपाडावर आहेत ते टेपाडसुद्धा गावातल्या एका मोठ्या घराच्या नावावर. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. सगळे कल्याण-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. मी आश्रमशाळेत राहिले म्हणून भट्टीवर गेले नाही, म्हणून शिकले.

मी सहावीत असताना माणसं भट्टीवरून परत आली, तर टेपाडाभोवती खांब पुरून तार ओढलेली. मोठ्या घराने जागा मुंबईच्या कोणाला तरी बंगले बांधायला द्यायची ठरवली होती. माझा आजा, बापाचा बाप, दुसऱ्या दिवशी शहापूरला वकीलसाहेबांकडे गेला.

वकीलसाहेबांबद्दल इथे सगळं सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्यांचीही आहे. ते गावातल्या शेतकरी घरातलेच, टेपाड ज्यांचं त्यांच्याच भावकीतले. कायदा शिकले, वकिली केली, परीक्षा देऊन लांबच्या जिल्ह्यात न्यायाधीश झाले. आणि पाच-सहा वर्षांनी राजीनामा देऊन परत आले. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. लोक म्हणायचे, जज्जाची नोकरी सोडतो तो एक तर खुळा, नाय तर त्याला आमदार व्हायचंय. खुळे ते नव्हते.

त्यांनी आमचा दावा फुकट घेतला आणि घातला एकट्या आज्याच्या नावाने. बापाने विचारलं, सगळ्यांची नावं का नाय? साहेब म्हणाले, "सगळ्यांची घातली तर एकेकाला गाठून फोडतील. म्हातारा फुटायचा नाही."

मुरबाडच्या कोर्टात पहिल्याच तारखेला दावा बुडायची वेळ आली होती. कोर्टात नंबर आला की पट्टेवाला दारात उभा राहून वादीचं नाव पुकारतो, तीनदा. आजा व्हरांड्यातच बसला होता, पण पहिल्या हाकेला गप्प, दुसऱ्या हाकेला गप्प. साहेब आतून डोळे वटारताहेत, आजा ढिम्म. तिसरी हाक पडली तेव्हा उठला आणि म्हणाला, "हाजर." बाहेर आल्यावर साहेब चिडले.

"अरे बाबा, कानात काय घातलंयस?"

आजा म्हणाला, "साहेब, आमच्यात बाहेरून कोनी हाक मारली तर दोनदा गप ऱ्हायाचं. तिसऱ्यांदा ओ द्यायाची. मेलेला मानूस दोनदाच हाक मारतो. तीनदा मारतो तो जिता."

साहेब हसले. "हे सरकारी माणूस आहेत रे, जिवंतच आहेत." पण पट्टेवाल्याला सांगून ठेवलं, हा माणूस तिसऱ्या हाकेला येतो, गैरहजर लिहू नका.

दाव्याचा निकाल लागेपर्यंत घरांना हात लावायचा नाही, असा मनाई हुकूम मिळाला. मोठ्या घराने तार काढली. त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर कोणीतरी फोटो काढला. साहेबांनी आज्याचा हात धरून वर केलाय, आजा कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघतोय. त्या फोटोवर साहेबांचं राजकारण उभं राहिलं. आधी मोर्चे, मग जिल्हा परिषद, मग आमदारकी. सगळा तालुका त्यांना वाडीवाल्यांचा वकील म्हणायला लागला. काम करत, हेही खरं. दाखले, रेशनकार्डं, पाण्याच्या टाक्या. मी उगाच कोणाला वाईट म्हणणार नाही.

मी नववीत असताना आजा भट्टीवर वारला. ताप आला आणि तीन दिवसांत गेला. तिथेच खाडीच्या कडेला पुरला. नोंद कुठेच नाही. त्याच आठवड्यात बाप कामावर खाडा करून शहापूरला गेला आणि साहेबांना सांगून आला. साहेब म्हणाले, "ठीक आहे. कोणाला बोलू नका. मी बघतो."

बापाला वाटलं, झालं काम.

त्यानंतर दर निवडणुकीला तो फोटो फ्लेक्सवर यायचा. मुरबाडच्या एसटी स्टँडवर, आटगाव स्टेशनाबाहेर, म्हशाच्या जत्रेत बैलांच्या बाजाराच्या तोंडाशी. फ्लेक्सवाला दर वेळी तो थोडा साफ करायचा. पहिल्यांदा आज्याच्या दाढीचे खुंट गेले. मग गालावरच्या सुरकुत्या. मग केव्हातरी त्याने डोळे पांढरेशुभ्र केले. भलतीकडे बघणारी बुबुळं मात्र तशीच ठेवली. यंदाच्या फ्लेक्सवर आजा माझ्या बापापेक्षा तरुण दिसत होता. बाप त्या फ्लेक्सखाली जीपची वाट बघायचा नाही, पुढे जाऊन उन्हात उभा राहायचा. विचारलं तर म्हणायचा, "नाय गो, तो वाढतोय उलटा. मना नाय बघवत."

एलएल.बी.ला मी एका तुर्कस्तानातल्या कायदेपंडितावर निबंध लिहिला होता. हा माणूस न्यायाच्या खुर्चीवरून राजकारणात गेला होता. निबंधाला पहिला नंबर मिळाला. वाडीत सांगितलं तर काकी म्हणाली, "तुर्कस्तान कुठं आलं गो? कसाऱ्याच्या पुढं?" मी म्हटलं, बरंच पुढं. "मग तिकडच्या मानसाचं तुला काय पडलंय? इथं गटाराचं बघ." तो निबंध घेऊन मी साहेबांकडे नोकरी मागायला गेले. आमदार असले तरी शहापूरचं ऑफिस त्यांनी बंद केलं नव्हतं. त्यांनी सगळा निबंध माझ्यासमोर वाचला, हिरव्या पेनने दोन ठिकाणी दुरुस्त केला आणि विचारलं, "खुर्ची बदलल्यावर माणूस बदलला का, हे नाही लिहिलंस."

मी म्हटलं, "पुस्तकात दोन मतं आहेत."

"तुझं?"

"मला नाही माहीत."

"उद्यापासून ये," ते म्हणाले.

आमच्या दाव्याची फाइल माझ्या हातात यायला दोन वर्षं गेली. इतकी वर्षं दावा नुसता तारखांवर चालला होता. आता कोर्टाने ठरवलं की वादीने साक्षीला उभं राहायचं. दोनदा तारीख वाढवून मिळाली होती आणि शेवटच्या हुकुमावर 'अखेरची संधी' असं लिहिलं होतं. म्हणजे पुढच्या तारखेला आजा पिंजऱ्यात उभा राहिला नाही तर दावा गेला. दावा गेला की मनाई हुकूम गेला, आणि मोठ्या घराचं जेसीबी टेपाडावर. वादी मेला तर नव्वद दिवसांत वारसांची नावं लावावी लागतात. इथे बारा वर्षं झाली होती.

मी कोर्टात जाऊन रोजनामा काढला. प्रत्येक तारखेला काय झालं ते त्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. आज्याच्या मृत्यूनंतरच्या तारखा बघायला लागले.

वादी हजर. वादी हजर. वादी हजर.

पहिल्यांदा मला राग आला. वाटलं, साहेबांनी वाडीतला कोणी म्हातारा उभा केला असेल. मग तारखा नीट बघितल्या. जानेवारी, फेब्रुवारी, एप्रिल. त्या महिन्यांत वाडीत माणूस नसतो. म्हातारेसुद्धा भट्टीवर जातात, पोरं सांभाळायला. तरी वादी हजर. गैरहजर एकदाही नाही. जिवंत असताना तो दोनदा गैरहजर होता, ते लिहिलेलं आहे. मेल्यावर नाही.

पट्टेवाला तोच होता, निवृत्तीला आलेला. दुपारच्या सुट्टीत डबा खात होता. मी विचारलं, "मामा, या दाव्यातला वादी तुम्हाला आठवतो?"

"तुझा आजा ना? न आठवायला काय झालं. येतो की."

"कधी आला होता?"

"मागच्या तारखेला. तिसऱ्या हाकेलाच ओ देतो, आधी नाय. मला सवय झालीय." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आत येत नाय मात्र. दारातच उभा ऱ्हातो. तुमच्यातले किती सांगितलं तरी पाय धुवून येत नाय. घोट्यापर्यंत भट्टीची राख."

समोर भर दुपारचं अंगण, सावलीला एक कुत्रं झोपलेलं. दारातल्या फरशीकडे बघितलं. स्वच्छ होती. रोज पुसतात.

त्याच रविवारी वाडीवर गेले आणि एकेका घरात विचारलं, तारखेला कोण जायचं? काका म्हणाला, "मी नाय. आमाला वाटलं साहेब कोनाला तरी उभा करतात." शेजारचा म्हातारा म्हणाला, "माझ्या पायाने मी परसाकडं जाईना, मुरबाडला कुठं जाऊ?" बापाला विचारलं तर तो दाराच्या चौकटीवर नख घासत बसला.

"तिसऱ्या हाकेला?" त्याने विचारलं.

"हो."

"मग आमच्यातलाच," बाप म्हणाला आणि उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ऑफिसात. बाहेर प्रचाराच्या गाड्या लागल्या होत्या, निवडणूक दोन महिन्यांवर आली होती. मी दार लोटून रोजनाम्याची नक्कल टेबलावर ठेवली.

"साहेब, तुम्ही कोणाला उभं करत होता?"

त्यांनी कागद वाचला. चष्मा काढला, परत घातला. "मी? मी कोणालाच नाही. मला वाटलं तुमच्यातला कोणी येतो. मी मुद्दाम कधी दाराकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं."

"तुम्हाला माहीत होतं ना, आजा नाही ते? कोर्टाला कळवायचं काम वकिलाचं असतं."

"मला शिकवू नकोस." मग आवाज उतरला. "मी न्यायाधीश होतो तेव्हा अशीच एक वाडी होती. वादी मेला, वारस ऊसतोडीला गेलेले, वेळेत आले नाहीत. कायद्याप्रमाणे मी दावा बंद केला. अर्ध्या ओळीचा हुकूम. वर्षाने त्या वाटेने गेलो तर घरं नव्हती. नुसत्या चुली राहिलेल्या, ओळीने, राखेसकट. राजीनामा दिला तो त्यापायी. तुझा आजा गेला तेव्हा म्हटलं, हा नाही मरणार. निदान माझ्या फाइलीत."

मला कळत होतं. पण फ्लेक्सही आठवत होता. मी म्हटलं, "आणि फोटोत?"

खिडकीबाहेर कोणीतरी साहेबांच्या नावाने घोषणा दिली.

"निवडणूक होऊ दे," ते म्हणाले. "म्हातारा आजारी आहे म्हणून मुदतीचा अर्ज लिही."

"अखेरची संधी लिहिलंय. मिळणार नाही."

"तू लिही तर."

मी माझ्या टेबलावर येऊन बसले. अर्ज शंभर वेळा लिहिलेला असतो, हात आपोआप चालतो. 'वादी हे आजारी असल्याने' इथपर्यंत लिहिलं आणि मला आज्याचे पाय दिसले. घोट्यापर्यंत राख. बारा वर्षं तारखेला येतोय. कोणी त्याला सांगितलंच नाही, की तू मेलास, आता नाही आलास तरी चालेल. मी कागद फाडला.

मग मी बापाचं प्रतिज्ञापत्र लिहिलं. वडील अमुक ठिकाणी वारले. आम्ही अशिक्षित, नोंद केली नाही. मात्र त्याच आठवड्यात आमच्या वकिलांना समक्ष सांगितलं होतं, त्यांनी कोर्टाला कळवलं नाही. उशीर माफ करून वारसांची नावं लावावीत. वकिलांना सांगितलं होतं, हे वाक्य घातलं तरच उशीर माफ होण्याची आशा होती. आणि तेच वाक्य साहेबांना बुडवणार होतं. बाप म्हणाला, "बाय, ज्यानं घर वाचवलं त्याचं नाव असं लिवायचं?" मी म्हटलं, "बाबा, खोटं काय लिहिलंय ते सांग." बापाने अंगठा पुढे केला. मी म्हटलं, थांब, आधी त्यांना दाखवते. पाठीमागून करणार नाही.

साहेबांनी मसुदा सावकाश वाचला, सगळे मसुदे वाचायचे तसा. त्या वाक्यापाशी थांबले. खिशातून हिरवं पेन काढलं. मला वाटलं, खोडतात. त्यांनी 'समक्ष' हा शब्द अधोरेखित केला आणि पुढे लिहिलं, 'माझ्या शहापूर येथील कार्यालयात'. मग ते खोडून 'त्यांच्या' केलं, कारण प्रतिज्ञापत्र बापाचं होतं.

"ठिकाण नसलं की मोघम वाटतं," ते म्हणाले. "हे तूच चालव. मी येणार नाही."

दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "त्या तुर्की माणसाच्या निबंधात आता काय लिहिशील?"

मी म्हटलं, "अजून नाही माहीत, साहेब." तेव्हा खरंच माहीत नव्हतं.

तारखेच्या दिवशी कोर्टात वीज नव्हती. पंखे बंद, सगळी दारं सताड उघडी. बाप, काका, वाडीतली दहा-बारा माणसं व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मोठ्या घराचा वकील पहिल्या बाकावर. नंबर आला. पट्टेवाले मामा दारात गेले, बाहेर तोंड केलं आणि आज्याचं नाव पुकारलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, हाजीर हो.

व्हरांड्यातलं कोणी हललं नाही.

दुसरी हाक. ठरवलं होतं, नंबर पुकारला की लगेच उठायचं, पण मीही बसूनच राहिले. बाहेर वाडीतली सगळी माणसं एकदम मान वळवून फाटकाकडे बघायला लागली. काकी तर उठून उभीच राहिली. मी फाटकाकडे बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवून बघितलं नाही. मामांनी तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

"साहेब," मी ओरडलेच, "वादी मयत आहेत."

न्यायाधीशांनी हात वर केला. "थांबा. पुकारू नका."

मामा तोंड उघडं ठेवून तसेच राहिले.

मग मी अर्ज दिला. समोरचे वकील उसळले, बारा वर्षं कोर्टाची फसवणूक, रोजनाम्यात हजर कोण होतं ते आधी विचारा. न्यायाधीशांनी मला विचारलं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, साहेब. आमच्यातलं कोणी नव्हतं. तारखा बघा, त्या महिन्यांत वाडी भट्टीवर असते." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग बापाला बोलवायला सांगितलं.

मामांनी बापाचं नाव पुकारलं. एकदा. दोनदा. बाप समोरच बसलेला, सगळ्यांना दिसतोय, पण गप्प. तिसऱ्या हाकेला उठला. "हाजर."

"पहिल्या हाकेला ऐकू येत नाही का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"येतं की साहेब. पन आमच्यात तिसऱ्यालाच ओ देतात. पैल्या दोन हाका मेलेल्या मानसाच्या बी असतील, काय सांगावं."

बाकावरचे दोन-तीन वकील हसले. पट्टेवाले मामा हसले नाहीत. ते दाराच्या चौकटीपासून एक पाऊल आत आले.

उशीर माफ झाला. हुकुमात लिहिलं होतं की गरीब, अशिक्षित पक्षकाराने वकिलाच्या चुकीचा भोग भोगू नये. बापाचं आणि काकाचं नाव वादी म्हणून लागलं. मनाई हुकूम कायम राहिला. बापाची साक्ष झाली, दावा अजून चालू आहे, घरं उभी आहेत. साहेबांचं तिकीट त्याच आठवड्यात कापलं गेलं. तो प्रतिज्ञापत्राचा कागद मोबाइलवर सगळ्या तालुक्यात फिरला होता, हिरव्या दुरुस्तीसकट. मसुदा कोणी फोडला कळलं नाही. त्यांच्या ऑफिसातली नोकरी मी सोडली. ते सोड म्हणाले नव्हते, मीच सोडली. मध्यंतरी मुरबाडला दिसले. काळा कोट घालून, हातात फाइल, व्हरांड्यात पक्षकाराशी बोलत होते. आमदार असताना दिसायचे त्याहून म्हातारे आणि बरे दिसले.

पट्टेवाले मामा निवृत्त व्हायच्या दिवशी मी पेढे घेऊन गेले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाय, एक सांगू? त्या दिवशी दोन हाका दिल्या तेव्हा तो आला होता. दारात माझ्या शेजारी उभा होता. तिसरीची वाट बघत होता. तू मधेच बोललीस आणि जज्जसाहेबांनी थांबवलं." त्यांनी आवाज आणखी खाली घेतला. "त्याची एक हाक माझ्याकडं राहिलीय गो. घरी घेऊन जाऊ का तिला? काय करू?"

"देऊ नका," मी म्हटलं. "कोणालाच देऊ नका."

त्यांनी मान हलवली आणि पेढा तोंडात टाकला. नंतर मी व्हरांड्यातून निघाले तेव्हा नव्या पट्टेवाल्याने कोणाचं तरी नाव पुकारलं. माझं नव्हतं. तरी मी दोन हाका होईपर्यंत तिथेच थांबले.